समुद्रातली बाभूळ

समुद्रात बाभूळ नसते, हे मी थावराला चाळीस वर्षं सांगत आलो. त्यानं एकदाही मानलं नाही. आणि या श्रावणात तो स्वतःच ब्रश घेऊन माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "महाराज, तुमचं बराबर होतं. फांदी पुसून टाकतो." खरं तर मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण माझं डोकंच फिरलं. आता हे असं मधूनच सांगितलं तर कुणाला काही उमगायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी विश्वंभर. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात सेनगावच्या जीपा लागतात, त्याच्या समोर माझा फोटो स्टुडिओ. आमचं घराणं पूजेचं. वडील गावातल्या महादेवाची पूजा करायचे आणि मी कॅमेरा गळ्यात घातला. "देवाला स्नान घालायचं सोडून हा लोकांच्या हनुवट्या वर करत बसणार," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पूजा सुटली तरी गावानं मला 'महाराज' म्हणायचं सोडलं नाही. आजही पासपोर्ट फोटो काढायला आलेलं पोरगं आधी पाया पडतं आणि मग स्टुलावर बसतं.

थावरा जवळच्या तांड्यातला. पेंटर. किराणा दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, जीपांच्या मागची फुलं, सगळी त्याच्या हातची. अंगानं काटकुळा, कानावर ब्रश, बोलणं मोजकं. त्याला काहीही सांगा, तो "व्हय" म्हणायचा आणि करायचं ते स्वतःच्याच मनाचं. त्याचा धाकटा भाऊ सेवा लहानपणी ओढ्याच्या पुरात गेला होता. ओढ्यातून नदीत गेला, सापडलाच नाही. तांड्यात आईला याडी म्हणतात. त्या याडीची समजूत काढायला बायका म्हणायच्या, नदीनं लेकराला समुद्राला नेलं, तिथं तो सुखात आहे. ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती, म्हणून ती कोणी काढत नव्हतं. मीही कधी काढली नाही.

स्टुडिओ नवा होता तेव्हा माझ्याकडे मागे लावायला नुसता राखाडी पडदा होता. हिंगोलीच्या स्टुडिओंत बागेचे पडदे, कारंज्याचे पडदे. मला वाटलं, आपल्याकडे असं काही पाहिजे की हिंगोलीवाल्यांनी तोंडात बोट घालावं. समुद्र पाहिजे. आपल्याकडे समुद्र पाहिलाय कोणी? मी आधीच 'सागर फोटो स्टुडिओ' अशी पाटी थावराकडून रंगवून घेतली आणि मग त्याला पडद्याचं काम सांगितलं. खताच्या दुकानातलं कॅलेंडर त्याच्या हातात दिलं. निळं पाणी, चांदणं, दोन नारळ, लांब एक जहाज. म्हटलं, हेच मोठं करून दे.

त्यानं कॅलेंडर उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "हा झोपलेला हाय."

"झोपलेलाच पाहिजे. नवरा-नवरीचे फोटो काढायचेत. जागा करून काय करतोस?"

"व्हय," म्हणाला. तिथंच मी ओळखायला पाहिजे होतं.

मांजरपाटाचे पट्टे शिवून, त्यावर सरस आणि सफेदा चढवून त्यानं ते कापड देवळाच्या सभामंडपात पसरलं. पावसाळ्याचे दिवस. वडील कुरकुरत कापडाच्या कडेकडेनं गाभाऱ्यात जायचे. आणि हा पेंटर सकाळी उठला की देवळात न येता ओढ्याला जायचा. पाणी चढलं असलं तर घोंगडं पांघरून काठावर बसून राहायचा. दुपारी यायचा, एक लाट काढायचा आणि पुन्हा जायचा. मी विचारलं, "काहून बसून राहिला रे तिथं?" तर म्हणे, पाणी कुठं वाकतं ते पाहून राहिलो. मी म्हटलं, "लेका, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ओढा पाहून समुद्र निघतो होय?" तो हसला. हसला की त्याचे डोळे मिटायचे.

पडदा टांगला त्या दिवशी मी त्याच्यावर एवढा ओरडलो की समोरचे जीपवाले जमा झाले.

काय काढलं होतं म्हणता? वर आभाळ काळं ठिक्कर, खाली उतरलेलं. एका कोपऱ्यात ढग फाटून उजेडाची एक तिरीप पाण्यावर पडलेली. मधोमध एकच मोठी लाट उठलेली, तिचा माथा आता कोसळेल की मग कोसळेल असा वाकलेला, आणि तिच्या पोटात, जिथं पाणी पातळ होतं तिथं, हिरवट उजेड. फेस त्यानं ब्रशानं काढलाच नव्हता, काथ्याचा बोळा मारमारून उठवला होता. जवळून पाहिलं तर नुसते पांढरे डाग, आणि चार पावलं मागं सरलं की अंगावर तुषार येतील असं वाटायचं. पाणी सगळं मातकट, आमच्या कयाधू नदीला पूर आल्यावर असतं तसं. नारळ नाही, चांदणं नाही, जहाज नाही. आणि लाटेच्या पुढं, उजव्या हाताला, पाण्यावर तरंगणारी बाभळीची एक फांदी. काट्यांसकट. वर पिवळी फुलं. एवढ्या काळ्या-मातकट पसाऱ्यात तेवढीच काय ती पिवळी.

"समुद्र निळा असतो, शहाण्या."

"पाऊस पडल्यावर कोणतं पाणी निळं ऱ्हातंय, महाराज?"

"आणि ही बाभूळ? समुद्रात बाभूळ कुठून आली?"

"येते," म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला.

कापड तर संपलं होतं. पदरी पडलं पवित्र झालं, असं म्हणून मी तो पडदा ठेवून घेतला. पण फांदीपुरती तोड काढली. ज्याचा फोटो काढायचा त्याला बराबर फांदीसमोर उभं करायचं, म्हणजे ती मागं झाकली जाते. नवरा फांदीवर, नवरी लाटेवर. खाली खडूनं खूणच करून ठेवली होती. थावरा कधी प्रिंट पाहायला यायचा, सगळे फोटो उलटून बघायचा आणि विचारायचा, "फांदी कुठंय?" मी म्हणायचो, नवरदेवाच्या पाठीमागं वाळत घातलीय.

आणि नवल म्हणजे, लोकांना तो पडदा आवडला. भाजीवाली मालनबाई निराधार योजनेच्या कागदाला फोटो काढायला आली होती. आत आली, पडद्याकडं पाहिलं आणि तिनं लुगडं घोट्याच्या वर उचलून धरलं, भिजू नये म्हणून. तशीच उभी राहिली. फोटो छातीपर्यंतचाच होता म्हणून बरं. एका नवरीच्या बापानं भांडण केलं, की माझ्या लेकीला पहिल्याच दिवशी पुरात उभी करता काय. त्यावर तिची आजी म्हणाली, पुरात धरलेला हात सुटत न्हाई, काढू द्या. तेव्हापासून तीच म्हण झाली, आणि सेनगावपासून जोडपी यायला लागली. आज आजूबाजूच्या किती घरांतल्या भिंतींवर ती वादळातली जोडपी आहेत, मलाही सांगता यायचं नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोत तो समुद्र आणखीच खवळलेला दिसायचा. त्या फोटोंमध्ये जी माणसं हसतात ना, ती खरंच धीराची वाटतात.

कहर केला तो आमच्या घरच्यांनी. नदीला पूर आला की आमच्याकडं बायका तिची ओटी भरतात, म्हणजे ती शांत होऊन परत जाते. एका वर्षी पाऊस थांबेचना. वाट चिखलात गेलेली, नदीपर्यंत जाणं होईना. माझी बायको अनुसूया खण, नारळ, तांदूळ घेऊन निघाली आणि दारातूनच परत फिरली. मला वाटलं आली शहाणपणावर. तर ही ताट घेऊन सरळ स्टुडिओत. म्हणाली, "इथं आहे की पाणी." आणि पडद्याला हळदकुंकू लावून, खाली खण-नारळ ठेवून तिनं ओटी भरली. मी ओरडेपर्यंत मालनबाई आणि चार जणी मागून आल्या. त्यांनीही बोटं टेकवली. मी म्हटलं, अगं ते चित्र आहे. ती म्हणाली, "तुमच्या देवळात काय आहे मग?" हळद आमच्या जिल्ह्याची, ती कशाला निघते. पडद्याच्या खालच्या काठाला ती पिवळी बोटं आजही आहेत. थावरानं ती पाहिली आणि इतका खूश झाला की दोन दिवस गावात बोलत हिंडला. एरवी महिन्यात तेवढं बोलायचा नाही.

त्याला एकच ध्यास होता. मुंबईहून कोणी आलं की हा त्याला हाताला धरून स्टुडिओत आणायचा, पडद्यासमोर उभा करायचा आणि विचारायचा, "खरा असाच असतो का?" कोणी म्हणायचं, अरे निळा असतो. कोणी म्हणायचं, आम्ही चौपाटीवर भेळ खाल्ली, पाण्याकडं कोण बघतंय. फुलसिंग म्हणून त्याच्याच तांड्यातला एक जण बंदरावर हमाली करून आला होता. तो मात्र बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "असाच गुरगुरतो." त्या दिवशी थावरानं सगळ्यांना चहा पाजला. फुलसिंग जाता जाता म्हणाला, "फांदीचं तेवढं न्हाई सांगता येत." मी तर टपलेलोच होतो. चहा संपेस्तोवर थावराला चिडवलं.

मग दिवस बदलले. गेले ते दिवस, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यांची फार आठवण येते. लाल दिव्याच्या खोलीत पाण्यातल्या कागदावर हळूहळू माणसाचं तोंड उमटायचं, त्याची सर कशालाच नाही. आता लोक मोबाईलवर स्वतःचे फोटो स्वतःच काढतात, हनुवट्याही स्वतःच वर करतात. आमचा अनिरुद्ध हिंगोलीला लग्नाची शूटिंग करतो, जोडप्यांना शेतातून पळवतो. फ्लेक्स आले आणि थावराचा ब्रश कानावरच राहिला. त्यातच त्याला काचबिंदू झाला. एका डोळ्याचं सगळं गेलं, दुसऱ्यानं समोरचं तेवढं दिसतं. अनिरुद्ध मला म्हणायचा, बाबा, तो पडदा काढा, भिंत रिकामी करा. पण ओटी भरलेलं पाणी फेकायचं नसतं, असं त्याच्या आईनं सांगितल्यावर त्यानंही पडद्याचं नाव काढणं सोडलं.

थावराची मुलगी गुंजन नर्स झाली, अलिबागला लागली. ती बापाला म्हणाली, दिवाळीत या, समुद्र दाखवते. हा म्हणाला, दिवाळीत झोपलेला असंल, मी आषाढात येतो. गेला. मी त्याला जीपमध्ये बसवायला गेलो. म्हटलं, नीट बघून ये, माझ्या दुकानाच्या पाटीचा प्रश्न आहे. तर म्हणाला, "एका डोळ्यानं जेवढं दिसंल तेवढं आनतो."

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मागं असा आवाज येत होता की कापसाची जिनिंग गिरणी चालू असावी.

"महाराज, रंग बराबर हाय. मातकट हाय. कयाधूवानीच हाय."

मी फोन तसाच हातात धरून बाजारभर सांगत सुटलो. खताच्या दुकानात जाऊन त्याच्या कॅलेंडरचा उद्धार करून आलो. कॅलेंडर देणारा कधीच वारला होता, त्याच्या नातवानं ऐकून घेतलं. मला वाटत होतं की माझंच कोणी परीक्षेत पास झालं. फांदीचं विचारायचं राहून गेलं.

तो परत आला ते तोंड बंद करूनच. बाजारात दिसला तर मान हलवायचा. मला वाटलं, डोळ्याची तकलीफ वाढली असेल. आणि मग त्या दिवशी तो ब्रश, रंगाची डबी आणि चिंधी घेऊन दुकानात उभा राहिला. अनुसूया देवासाठी वाती वळत आत बसली होती.

"महाराज, तुमचं बराबर होतं. फांदी पुसून टाकतो. डोळा हाय तोवर माझ्याच हातानं करू द्या."

"का? तिथं नाही दिसली म्हणून?"

"न्हाई म्हणून."

"चाळीस वर्षं तुला सांगून राहिलो तेव्हा ऐकलं नाहीस. आता लोकांना सवय झाली तर तुला अक्कल सुचली होय? हात लावू नकोस माझ्या पडद्याला."

माझा आवाज चढला तशी अनुसूया उठून दारात आली. थावरा खाली बसला. डबीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाला, "महाराज, सेवा पुरात गेला त्या दिशी मी काठावर व्हतो. तो मला दिसून राहिला व्हता. मी बाभळीची फांदी तोडली आन फेकली. काटे सगळे हातात घुसले. ती त्याच्यापशी पोचली न्हाई. पाण्यानं दोघांला नेलं, त्याला म्होरं, फांदीला मागं. याडी म्हणायची, तो समुद्राला गेला. म्हणलं मग फांदी बी गेली असंल. कवातरी पोचली असंल. म्हणून काढली."

मी स्टूल ओढून त्याच्यापाशी बसलो.

"पण मी पाह्यला ना तो समुद्र. सकाळपासून बसून पाह्यला. त्याला दुसरा काठच न्हाई, महाराज. एवढ्या पाण्यात एक फांदी कुठं कोणापशी पोचते? मी आपलं खोटं काढलं. पुसतो."

त्यानं चिंधी ओली केली. ज्या फांदीवर मी चाळीस वर्षं नवरदेव उभे केले, ती आता जाणार म्हटल्यावर मला ती जायला नको होती. पण काय सांगून थांबवायचं? खोटं काही सांगितलं असतं तर त्याला लगेच कळलं असतं. आणि तेव्हा मला वडील आठवले. ते पूजेला बसले की संकल्प सोडायचे, आणि त्यात आपण गोदावरीच्या उत्तर तीरावर आहोत असं रोज म्हणायचे. लहानपणी मी विचारलं होतं, गोदावरी इथं कुठं आहे? तर त्यांनी ताम्हणातल्या पाण्यात बोट फिरवून दाखवलं होतं.

"थावरा," मी म्हटलं, "अलिबागचा समुद्र कोणत्या बाजूला?"

"मावळतीला. सूर्य त्यातच बुडतो."

"आणि आपली कयाधू कुठं जाते?"

"समुद्राला."

"कोणत्या? कयाधू पैनगंगेत, पैनगंगा वर्धेत, पुढं ते सगळं पाणी गोदावरीत, आणि गोदावरी जाते उगवतीला. पार पल्याड, आंध्राकडच्या समुद्राला. तू चुकीच्या समुद्रावर जाऊन आलास, लेका. आपलं एक थेंब पाणी तिकडं जात नाही."

तो हातातली चिंधी तशीच धरून माझ्याकडं बघत राहिला. दिसणारा डोळा नीट माझ्यावर यावा म्हणून त्यानं मान जरा वळवली.

"खरं सांगून राहिले का?"

"महादेवाची शपथ. अनिरुद्धला फोन लावू का, तो नकाशात दाखवेल."

"नगं." तो पडद्याकडं वळला. "हे पाणी आन ते पाणी कुठं मिळत न्हाई का?"

"मिळत असेल लई खाली. पण ते वेगळं आणि हे वेगळं."

"म्हणजे सेवाचा समुद्र दुसरा हाय."

"दुसरा आहे."

"तो मी पाह्यला न्हाई."

"नाही पाहिलास."

त्यानं चिंधी पिळली. पाणी बाहेर पायरीवर टाकून आला. ब्रश कानावर ठेवला आणि म्हणाला, "मंग तिथं फांदी असंल."

"असेल," मी म्हटलं.

अनुसूयेनं डोळ्याला पदर लावला आणि चहा ठेवायला आत गेली. मी उठलो. जुना कॅमेरा कपाटातून काढला, त्यात फिल्म नाही हे आठवून शिव्या दिल्या आणि अनिरुद्धनं दिलेला नवा घेतला. म्हटलं, "चल, उभा राहा. एवढी वर्षं झाली, तुझ्या पडद्यासमोर तुझाच फोटो नाही." तो लाजला. शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवर पाणी फिरवलं. जुनी खडूची खूण तर केव्हाच पुसली गेली होती, पण हाताला सवय. मी त्याला दंडाला धरून बराबर तिथंच उभा केला, फांदीसमोर. हनुवटी वर केली.

मी कॅमेऱ्यातून पाहिलं तर तो जागेवर नव्हता. दोन पावलं डावीकडं सरकून उभा होता, लाटेच्या खाली.

"थावरा, मधे ये."

"न्हाई महाराज," तो म्हणाला. "मी इथं ठीक हाय. फांदीची वाट मोकळी ऱ्हाऊ द्या."

मी तसाच फोटो काढला. तो आता दुकानात लावलाय. लोक विचारतात, माणूस एका कडेला का उभा केला, महाराज, हात थरथरायला लागला का? मी म्हणतो, हो, म्हातारा झालो.